वाचनालयातले मागचे कपाट

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू आयुष्यभर पुस्तकांत बसलीस, तर वाचनसंस्कृतीवर बोल." आता वाचनसंस्कृतीवर बोलायचे म्हणजे हल्लीची मुले मोबाइल बघतात आणि पुस्तक उघडत नाहीत, हे अर्धा तास सांगायचे. ते आपण सगळेच घरी रोज सांगतो आणि आपली नातवंडे ते मोबाइलवरून मान वर न काढता ऐकतात. म्हणून मी विषय बदलून मागितला. मला वाचनालयातल्या अशा एका कपाटाबद्दल बोलायचे आहे, ज्याच्याकडे वाचणारेही फिरकत नाहीत आणि न वाचणारेही फिरकत नाहीत.

मी चौतीस वर्षे एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात काम केले. सुरुवात लेखनिक म्हणून झाली, शेवटची बावीस वर्षे ग्रंथपाल होते. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या वाचनालयात गेलात तर रचना साधारण सारखीच दिसते. दारात वर्तमानपत्रांची टेबले, मग देवघेवीचा काउंटर, त्यामागे कथा-कादंबऱ्या, बाजूला बालविभाग, आणि अगदी शेवटी, भिंतीला ओल असेल त्या बाजूला, एक कुलूप लावलेले कपाट. त्यावर "संदर्भ" अशी पाटी असते. किल्ली कुठे आहे ते एकाच माणसाला माहीत असते आणि तो माणूस बहुधा जेवायला गेलेला असतो.

त्या कपाटात काय असते ते सांगते. घराण्यांचे कुलवृत्तांत असतात. जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर असते. गावच्या साप्ताहिकाच्या बांधलेल्या फायली असतात. नगरपालिकेचे वार्षिक अहवाल, देवस्थानची हकिकत, कुणा वकिलाने स्वखर्चाने छापलेले आत्मचरित्र, व्याख्यानमालेच्या पत्रिका, सहकारी पेढीचे ताळेबंद, शाळांच्या रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिका असतात. एखाद्या ठिकाणी कुणी वाडा पाडताना आणून दिलेला मोडी कागदांचा रुमालही असतो. यातले बरेचसे कधी पुस्तकांच्या दुकानात विकलेच गेलेले नसते. शंभर-दोनशे प्रती काढल्या, नातेवाइकांत आणि वर्गणीदारांत वाटल्या आणि एक प्रत वाचनालयाला भेट दिली. नातेवाइकांकडच्या प्रती घर बदलताना गेल्या. राहिली ती वाचनालयातली.

हे कपाट आले कुठून, हेही बघण्यासारखे आहे. आपल्याकडची वाचनालये जुनी आहेत. रत्नागिरीचे १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. पणजीचे तर १८३२ चे, पोर्तुगीज अमदानीतले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला १९६७ साली. म्हणजे कायदा येण्याआधी शंभर-सव्वाशे वर्षे ही वाचनालये लोकांनी चालवली होती. अनुदान नव्हते तेव्हा वर्गणी आणि देणगी यांवर ती जगली. देणगी नेहमी पैशांतच येत नसे. गावातला एखादा शिक्षक किंवा डॉक्टर वारला की त्याच्या घरची पुस्तके बैलगाडीतून वाचनालयात येत. त्यात कादंबऱ्या कमी आणि असला ऐवजच जास्त.

दुसरे कारण म्हणजे इतिहास गोळा करण्याची एक लाटच महाराष्ट्रात येऊन गेली. वि. का. राजवाडे यांनी वाईत सापडलेल्या कागदांवरून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे असे बावीस खंड निघाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ झाले. राजवाडे गेल्यावर १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच काळात घराणी आपापले कुलवृत्तांत छापू लागली. माणसे सुट्टीत गावोगाव फिरत, भाऊबंदांची दारे ठोठावत, कोणाला मुले किती, कोण कुठे नोकरीला, कुलदैवत कोणते, मूळ गाव कोणते हे विचारून लिहून घेत. निवृत्त शिरस्तेदार, पोस्टमास्तर, शाळामास्तर अशांनी हे काम केले. त्यांना कुणी इतिहासकार म्हटले नाही. पण कोकणातले एखादे घराणे इंदूर, बडोदा, सागर, काशी इथे कसे पांगले, हे बघायचे असेल तर आजही त्यांच्याच पुस्तकांकडे जावे लागते.

आता इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. छापील कुलवृत्तांत हे बरेचसे ब्राह्मण घराण्यांचे, त्यातही कोकणस्थांचे जास्त. ज्यांच्याकडे लिहिणारे होते आणि छपाईला पैसे होते त्यांचे छापले गेले. म्हणून बाकीच्यांना वंशावळ नव्हती असे मात्र नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी येतात, पिढ्यान्‌पिढ्या तीच घरे धरून असतात. त्यांच्या वह्यांत घराण्याची नावे असतात आणि अंगणात बसून ती वाचून दाखवायची, नव्या बाळाचे नाव चढवायचे, धान्य-दक्षिणा घेऊन पुढच्या गावी जायचे, अशी रीत. काही समाजांत भाट ते काम करतात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांकडे वह्या आहेत. आपले आजोबा-पणजोबा यात्रेला गेले तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने नाव, गाव आणि बरोबर कोण होते ते त्यांत लिहिलेले सापडते. अडाणी असतील तर उपाध्यायांनी लिहून घेतलेले असते. हे सगळे वाचनालयाच्या बाहेर राहिले. आमच्या पेशाने त्याकडे पुरेसे बघितले नाही, आणि आता हेळव्यांच्या मुलांना हे काम करायचे नाही, त्यात त्यांची काही चूक नाही.

बायकांचे तर विचारूच नका. घरातल्या वंशावळीच्या झाडाला फांद्या फुटतात त्या मुलांच्या. मुलगी एका पानावर जन्मते आणि तिथेच थांबते. लग्नानंतर ती दुसऱ्या घराण्याच्या पुस्तकात दुसऱ्याच नावाने उगवते. चांगल्या कुलवृत्तांतात बाईचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव दिलेले असते. तेवढ्या एका ओळीने दोन पुस्तके जोडली जातात. म्हणून ही पुस्तके सुटी असण्याला अर्थ नाही, ती एकत्र असावी लागतात. चाळीस कुलवृत्तांत एका कपाटात असले तर ते चाळीस पुस्तकांपेक्षा जास्त असतात. त्यातले दहा गेले की उरलेल्या तिसांचीही वाट मोडते.

तुम्ही म्हणाल, हे सगळे ठीक, पण याचा उपयोग कुणाला? निवृत्त माणसांचा छंद आहे हा. मीही नोकरीला लागले तेव्हा असेच समजत होते. काउंटरवर बसल्यावर वेगळे दिसले. तीन प्रसंग सांगते, नावे सांगणार नाही.

एक मुलगा आला, बारावीनंतरचा. जातपडताळणीसाठी जुना पुरावा हवा होता. आपल्या राज्यात याच्या तारखा ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा धरतात. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागते. या मुलाच्या आजोबांची शाळा झालेलीच नव्हती. चुलत आजोबा शिकले होते एवढे घरात ठाऊक, पण कुठे ते कुणाला सांगता येईना. आमच्या मागच्या कपाटात शेजारच्या गावच्या एका शाळेची जुनी स्मरणिका होती. तिच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी होती, त्यात ते नाव गावासकट सापडले. स्मरणिका हा काही पुरावा नव्हे. पण पुरावा कुठे शोधायचा ते तिने सांगितले. मुलगा त्या शाळेत गेला, जनरल रजिस्टरचा उतारा काढून आणला. तीन आठवड्यांनी पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याला ती स्मरणिका उघडून पुन्हा दाखवली. कागद इतका पिवळा होता की पेढ्याचा हात लावू दिला नाही.

दुसऱ्या एक बाई, सत्तरीच्या. त्यांच्या आईचे माहेर त्यांना माहीत नव्हते. आई त्या चार वर्षांच्या असताना गेली, वडिलांनी दुसरे लग्न केले आणि त्या घरात पहिलीचा विषय निघत नसे. सासरच्या कुलवृत्तांतात आईची दीड ओळ मिळाली. माहेरचे नाव, आडनाव, गाव. त्या बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईचं नाव मला आज कळलं. घरात तिला सगळे 'ती' म्हणायचे."

तिसरी एक शिक्षिका. विद्यार्थ्यांकडून १९७२ च्या दुष्काळावर प्रकल्प करून घ्यायचा होता. पुस्तकांत राज्याची माहिती मिळते. पण आपल्या तालुक्यात कोणत्या रस्त्यावर खडी फोडायचे काम निघाले, मजुरीवरून कुठे मोर्चा आला, सुकडी कोणत्या शाळेत वाटली, हे मिळाले ते गावच्या साप्ताहिकाच्या फायलीत. मुलांनी त्यातली नावे वाचली आणि घरी जाऊन आज्यांना विचारले. मग आज्या बोलायला लागल्या.

या तीनही माणसांनी एकही पुस्तक घरी नेले नाही. संदर्भाचे पुस्तक देता येत नाही, तिथेच बसून बघायचे असते. म्हणजे देवघेवीच्या नोंदवहीत यांची नोंद शून्य. आता या शून्याचे काय होते ते ऐका.

वाचनालयाचे वर्ग असतात, अ, ब, क, ड. वर्गाप्रमाणे वर्षाचे परिरक्षण अनुदान मिळते, ते उशिरा येते आणि त्यात पगार, वीजबिल, वर्तमानपत्रे, नवी खरेदी सगळे भागवायचे. कर्मचाऱ्याला महिन्याला जे मिळते ते या व्यासपीठावरून सांगायला मला संकोच वाटतो. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा सभासद किती, ग्रंथसंख्या किती, देवघेव किती, दप्तर पुरे आहे का, हे बघतात. मागच्या कपाटातले पुस्तक शेवटचे कुणी उघडले आणि त्याचे काय झाले, याला कोणत्याही तक्त्यात रकाना नाही. मग जागा कमी पडली की कार्यकारिणी विचारते, "हे कोण वाचतं?" आणि नोंदवहीने उत्तर तयारच ठेवलेले असते.

पुस्तके काढून टाकण्याला आमच्या भाषेत निर्लेखन म्हणतात. निर्लेखन वाईट नाही. फाटलेल्या कादंबऱ्या, जुनी गाइडे काढलीच पाहिजेत, नाहीतर वाचनालयाचे गोदाम होईल. पण बाजारात पुन्हा मिळणारे पुस्तक आणि जगात एकुलती एक प्रत उरलेले पुस्तक, दोघांना एकच नियम लावला की अनर्थ होतो. मी एका शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयाची निर्लेखनाची यादी बघितली आहे. कादंबऱ्यांची नावे लेखकासकट एकेका ओळीत लिहिली होती. आणि खाली एक ओळ होती, "जुनी साप्ताहिके, बांधीव, जीर्ण, ३८ खंड." बस, एवढेच. अडतीस वर्षांचे त्या गावचे बारसे, लग्न, भांडण, निवडणूक, साथ, पूर, तमाशाचे फड आणि शाळेचे निकाल एका ओळीत गेले, आणि किलोवर गेले. मी विचारले, कुणाला दाखवले होते का? उत्तर मिळाले, "मॅडम, हात लावला की तुकडे पडत होते."

त्यात खोटे काही नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचा कागद लाकडाच्या लगद्याचा आहे, त्यातल्या आम्लाने तो आतूनच जळतो. त्याच्या आधीचा हातकागद दोनशे वर्षे टिकतो आणि १९३५ चे वर्तमानपत्र बोटात चुरते, हे बघून लोकांना नवल वाटते. त्यावर वाळवी आहे, कसर आहे, पावसाळा आहे. आणि पूर आहे. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २००५ च्या पुरात त्याचे मोठे नुकसान झाले, लोकांनी ते जिद्दीने पुन्हा उभे केले, तर २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शिरले. २०१९ मध्ये सांगलीने तेच भोगले. कादंबऱ्या पुन्हा विकत घेता येतात, महाराष्ट्राने अशा वेळी ट्रकभर पुस्तके पाठवलीही आहेत. पण कुलवृत्तांत आणि साप्ताहिक ट्रकने येत नाहीत.

आणखी एक कारण आहे आणि त्याबद्दल बोलताना मला सावध राहावे लागते. आज प्रत्येक वाचनालयाला अभ्यासिका हवी असते. स्पर्धा परीक्षेची मुले सकाळी सहाला दाराशी येऊन बसतात. घरी जागा नाही, शांतता नाही, पंखा नाही. त्यांना खुर्ची मिळालीच पाहिजे, तीही मागच्या बाजूला, जिथे आवाज नाही. म्हणजे बरोबर त्या कपाटाच्या जागी. मी स्वतः त्या मुलांसाठी कपाटे सरकवली आहेत. जिवंत मुलगा आणि मेलेला पणजोबा यांत जागेसाठी भांडण लागले तर मी मुलाच्याच बाजूने उभी राहीन. पण हे भांडण लागावेच का? एका कपाटाला लागते तीन फूट भिंत. ती जिन्याखाली मिळते, ग्रंथपालाच्या खोलीत मिळते, शेजारच्या महाविद्यालयात मिळते. मागणारा कुणी नसतो म्हणून मिळत नाही.

आणि वाचता येणारा माणूसही उरत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली. आपल्या आजोबांचे हस्ताक्षर आपल्याला वाचता येत नाही अशी आपली पहिली पिढी. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा काय झाले ते आठवा. त्यातल्या राजकारणात मी शिरत नाही, इथे सर्व मतांची मंडळी बसली आहेत आणि अजून जेवण व्हायचे आहे. पण गावनमुना चौदा म्हणजे आपण ज्याला कोतवाल बुक म्हणतो ते, शाळांची रजिस्टरे, भूमी अभिलेखाची जुनी दप्तरे हे सगळे एकाएकी उघडावे लागले आणि ठिकठिकाणी मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. लाखो नोंदी निघाल्या. जी दप्तरे कालपर्यंत अडगळ होती त्यांना एका आठवड्यात पोलीस बंदोबस्ताची किंमत आली. जुन्या कागदाचे हे असेच असते. त्याची गरज कधी लागेल ते सांगता येत नाही, आणि गरज लागेल तेव्हा तो नव्याने तयार करता येत नाही. केला तर त्याला बनावट म्हणतात.

इथे बसलेले आपले संगणकवाले मित्र मनात म्हणत असतील, स्कॅन करून टाका, विषय संपला. त्यांना मी सांगते, स्कॅन जरूर करा. जिल्हा गॅझेटिअरे आज घरबसल्या वाचता येतात, ही मोठी सोय झाली आहे. पण गॅझेटिअर सरकारचे होते, त्याच्या प्रती सगळीकडे होत्या. गावच्या साप्ताहिकाला कोण स्कॅन करणार? आणि नुसते स्कॅन करून भागत नाही. आमच्याकडे एका उत्साही दात्याने वीस वर्षांपूर्वी दुर्मीळ ग्रंथांच्या सीडी करून दिल्या. आज त्या सीडी आहेत, त्या वाचणारे यंत्र नाही, आणि "आता सीडी झाली" म्हणून मूळ पुस्तके माळ्यावर गेली ती वाळवीने खाल्ली. स्कॅनबरोबर यादी हवी, कोणत्या पानावर काय आहे ते हवे, दोन-तीन ठिकाणी प्रती हव्यात आणि मूळ कागद सांभाळायला हवा. मूळ फेकून देण्यासाठी स्कॅन करायचे नसते, मूळ कमी हाताळावे लागावे म्हणून करायचे असते.

आता मी आपल्या शाळेकडे येते, कारण सगळ्या महाराष्ट्राचे आपण काही करू शकत नाही, पण या एका इमारतीचे करू शकतो. समितीपुढे मी तीन गोष्टी ठेवल्या आहेत. तुमच्यापुढेही ठेवते.

पहिली, शाळेचे जनरल रजिस्टर. आपल्यापैकी प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, आधीची शाळा, वडिलांचे नाव त्यात आहे. पहिल्या खंडाची शिवण सुटली आहे, कुणीतरी मायेने सेलोटेप लावला आहे. मायेचे ठीक, पण सेलोटेपचा डिंक काही वर्षांत कागद तपकिरी करतो आणि अक्षर घेऊन सुटतो. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते पुन्हा निघत नाही. जाणकार बांधणाऱ्याकडून हे खंड दुरुस्त करून घ्यायचे, पान न पान स्कॅन करायचे आणि त्या प्रती फक्त मुख्याध्यापकांच्या ताब्यात ठेवायच्या. यात लोकांची खासगी माहिती आहे, ती समूहावर फिरवायची गोष्ट नाही. बॅचच्या समूहावर काय काय फिरते ते मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

दुसरी, गावच्या वाचनालयातले मागचे कपाट. मी आले तेव्हा आधी तिकडे जाऊन आले. कपाट अजून आहे. पाच कुलवृत्तांत, साप्ताहिकाचे अकरा खंड, नगरपालिकेचे काही अहवाल आणि आपल्या शाळेच्या दोन हस्तलिखितांसकट बरेच काही. त्याची यादी नाही. जी यादीत नाही ती वस्तू गेली तर गेली हेही कुणाला कळत नाही. म्हणून पहिले काम यादीचे. चार माणसांचे चार दिवसांचे काम आहे. नाव, साल, कुणी छापले, पाने किती, स्थिती काय, आणि अन्यत्र प्रत आहे का. ती यादी झाली की कार्यकारिणीला विनंती करायची की यातले काहीही निर्लेखनात घालण्यापूर्वी शाळेला कळवावे. वाचनालयाचे अध्यक्ष आपलेच सीनियर आहेत, पहिल्या रांगेत बसले आहेत आणि आत्ता हसत आहेत. अनुदानाची अडचण त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आम्ही पैसे मागत नाही, आम्ही माणसे देतो. निवृत्त माणसांची या सभागृहात टंचाई नाही.

तिसरी, तुमच्या घरातले कागद. आपल्या पिढीत घरे पाडली जात आहेत, फ्लॅट होत आहेत, आईवडील जात आहेत. त्यांची ट्रंक उघडाल तेव्हा घाई करू नका. लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, सातबाऱ्याचे जुने उतारे, पोस्टकार्डे, यात्रेच्या पावत्या, दुकानाची चोपडी बाजूला काढा. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा, डावीकडून उजवीकडे, बायकांची माहेरच्या नावासकट. घरात हेळवी किंवा भाट येत असतील तर त्यांना परत पाठवू नका. बसवा, चहा द्या, ते वाचतात ते फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि त्यांची दक्षिणा नीट द्या. ज्या घरांचे कुलवृत्तांत कधी छापले गेले नाहीत त्यांचा इतिहास एवढ्यावरच उभा आहे.

आणि या स्मरणिकेविषयी एक विनंती. तुम्ही ती घरी न्याल, आपला फोटो कुठे आहे ते बघाल, आपण किती जाड झालो यावर हळहळाल आणि टीपॉयखाली ठेवाल. दहा वर्षांनी ती रद्दीत जाईल. मी रागावणार नाही, माझ्याही घरचे तेच होईल. म्हणून समितीने पाच प्रती वेगळ्या काढाव्यात. एक शाळेत, एक गावच्या वाचनालयात, एक जिल्ह्याच्या ग्रंथालयात, एक विद्यापीठात आणि एक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात द्यावी. शेवटी सर्व बॅचची यादी छापताना मुलींची शाळेतली नावे आणि आताची नावे दोन्ही द्यावीत. शिपाई मामांची आणि पाणी भरणाऱ्या मावशींचीही द्यावीत. पन्नास वर्षांनी कुणी एक मुलगा किंवा मुलगी काउंटरवर येईल आणि म्हणेल, "माझी पणजी इथं शिकत होती म्हणतात, काही मिळेल का?" तेव्हा काउंटरमागे बसलेल्या माणसाला उठून मागच्या कपाटाकडे जाता आले पाहिजे.

यादीच्या कामासाठी नावे देण्याचा कागद बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. जेवणाआधी सही केली तर बरे, जेवणानंतर आपल्या वयाला झोप येते.

गुरुजनांनी एवढा वेळ ऐकून घेतले. वर्गात मी इतके सलग बोलले असते तर बाकावर उभी राहिले असते.